शर्यतीचा घोडा आणि रिकामे पोट

पोलादपूर सोडले की आंबेनळी घाट सुरू होतो आणि प्रतापगडाचा फाटा मागे टाकून सुमारे ४० किलोमीटरांवर महाबळेश्वर येते. या घाटातून एस.टी.ने जाताना ज्याने ताकाची अर्धी भरलेली बरणी मांडीवर धरली असेल, त्याला भौतिकीचा एक धडा आयताच मिळालेला असतो. काठोकाठ भरून झाकण लावलेली बरणी मुकाट बसते. अर्धी भरलेली मात्र प्रत्येक वळणाला हिंदकळते आणि ताक झाकणापर्यंत चढते. घाट संपतो तेव्हा बरणीचा वरचा भाग, जिथे एरवी ताक पोहोचले नसते तोही, आतून पांढरा झालेला असतो.

विद्यार्थी मित्रांनो, आज आपण अशाच एका अर्ध्या भरलेल्या पात्राचा विचार करणार आहोत. हे पात्र म्हणजे घोड्याचे जठर, आणि त्यात ताक नसून हायड्रोक्लोरिक आम्ल आहे. घाट चढून वर गेलात की वेण्णा तलावाकाठी भाड्याचे घोडे तुम्हाला दिसतील. परंतु जठराच्या विकारांविषयी सर्वांत अधिक संशोधन झाले आहे ते शर्यतीच्या घोड्यांवर. म्हणून प्रथम त्यांच्याकडे वळू.

मुंबईचे महालक्ष्मी येथील शर्यतीचे मैदान १८८३ सालचे. हिवाळ्यात शर्यती मुंबईत होतात, पावसाळ्यात पुण्यात. त्यामुळे घोडेही दरवर्षी गाड्यांतून घाट चढतात आणि उतरतात. १९४३ पासून महालक्ष्मीला ‘इंडियन डर्बी’ ही मानाची शर्यत होऊ लागली. तिचे अंतर २४०० मीटर. चांगला घोडा ते सुमारे अडीच मिनिटांत कापतो. म्हणजे सेकंदाला १६ मीटर, किंवा तासाला ५७ किलोमीटरांहून थोडे अधिक. पाठीवर माणूस घेऊन हा वेग! असे घोडे लाखो रुपये मोजून विकत घेतले जातात. त्यांच्या पायांची, फुप्फुसांची, नालांची रोज तपासणी होते. पोटाच्या आत काय चालले आहे हे मात्र पुष्कळ काळ कोणाला ठाऊक नव्हते.

१९८६ साली हाँगकाँगमधील संशोधकांनी १९५ घोड्यांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण घोड्यांपैकी ६६ टक्क्यांच्या जठरात व्रण होते. निवृत्त होऊन महिना किंवा अधिक काळ लोटलेल्या घोड्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते, तर थेट सरावातून आलेल्या घोड्यांत ८० टक्के. पुढे जिवंत घोड्यांची तपासणी करता येऊ लागली तेव्हाही निरनिराळ्या देशांत असेच आकडे, काही ठिकाणी याहूनही मोठे, मिळाले. एखादा रोग शंभरांतील ऐंशी जणांना होत असेल तर त्याचे कारण त्या जनावरांच्या नशिबात नव्हे, त्यांच्या दिनक्रमात शोधावे लागते.

जठराचे दोन मजले

घोडा गवत खातो, परंतु गाईप्रमाणे रवंथ करीत नाही. गाईच्या पोटातील पहिल्याच कप्प्यात शंभर लिटरांहून अधिक माल मावतो. तिने सकाळी भराभर चरावे आणि दुपारी झाडाखाली बसून निवांत रवंथ करावे. साडेचारशे-पाचशे किलो वजनाच्या घोड्याचे जठर मात्र जेमतेम ८ ते १५ लिटरांचे! निसर्गाने त्याला साठवण्यासाठी बनवलेलेच नाही. मोकळ्या रानातला घोडा दिवसाच्या चोवीस तासांपैकी चौदा ते सोळा तास चरत असतो. थोडे खायचे, दोन पावले पुढे जायचे, पुन्हा थोडे खायचे. त्याच्या जठरात सतत काही ना काही असते.

या सवयीला अनुसरून त्याच्या जठरात आम्लही सतत पाझरते. आपल्या जठरात आम्लाचा मोठा लोंढा येतो तो जेवणाच्या वेळी. घोड्याचे जठर वाट पाहत नाही. समोर गवत असो वा नसो, तासाला सुमारे दीड लिटर आम्लरस त्यात येतच राहतो. या रसाचा सामू, म्हणजे पीएच, दोनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. सामूची मोजपट्टी लॉगरिदमची आहे हे ध्यानात घ्या. चरणाऱ्या घोड्याच्या जठरात वरच्या बाजूला सामू सहाच्या आसपास असतो आणि तळाशी दोन. हा फरक चार पायऱ्यांचा आहे, म्हणून तळाची आम्लता वरच्यापेक्षा चौपट नव्हे, तर दहा गुणिले दहा गुणिले दहा गुणिले दहा, अर्थात दहा हजार पट आहे.

एकाच पिशवीत इतका फरक कसा टिकतो? याचे उत्तर त्या पिशवीतील गवतात आहे. चावलेले गवत ओल्या कडब्याच्या गादीसारखे जठरात थरावर थर रचून बसते. वरचे थर नुकतेच आलेले, लाळेने भिजलेले. खालचे आम्लात मुरलेले. या गादीमुळे खालचा रस सहजासहजी वर येत नाही.

आणि तो वर येऊ नये हे फार महत्त्वाचे आहे. कारण घोड्याच्या जठराला आतून दोन प्रकारची अस्तरे असतात. खालच्या, साधारण दोन-तृतीयांश भागात ग्रंथी असलेले अस्तर आहे. आम्ल तेच तयार करते आणि आम्लापासून स्वतःचे रक्षणही तेच करते. त्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो आणि त्या थरात बायकार्बोनेट पाझरत असते. वरच्या एक-तृतीयांश भागातले अस्तर निराळेच, आपल्या अन्ननलिकेच्या अस्तरासारखे. त्याला ना ग्रंथी, ना श्लेष्म्याचे कवच. दोन्हींच्या मध्ये एक स्पष्ट, दातेरी कडा दिसते. पाण्याच्या टाकीत पातळीची रेघ असते तशी ही रेघ आहे असे समजा. आम्ल रेघेखाली असेपर्यंत सारे ठीक. ते रेघेवर चढले आणि तिथे वारंवार राहिले की वरचे अस्तर प्रथम लाल होते, मग सोलवटते, मग त्यात व्रण पडतात. बहुतेक व्रण या रेघेच्या लगतच सापडतात. बरणीतल्या ताकाने कुठवर मजल मारली होती, हे पांढऱ्या डागावरून जसे कळते तसेच हे आहे.

ज्यांना आम्लपित्ताने छातीत जळजळते त्यांना घोड्याचे हे दुखणे चटकन समजेल. त्यांच्या बाबतीत आम्ल जठराबाहेर पडून अन्ननलिकेत शिरते. घोड्याच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो की त्याला उलटीदेखील होत नाही. आम्लाला वरचा रस्ता बंद, म्हणून जठराचा वरचा मजलाच त्याचा मार सोसतो. माणसाच्या जठरातील व्रणांची कथा वेगळी आहे. त्यांमागे पुष्कळदा एक जीवाणू असतो हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ पासून दाखवून दिले आणि त्याबद्दल त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्याच्या वरच्या मजल्यावरील व्रणांना मात्र असा जीवाणू लागत नाही. आम्ल आणि ते चुकीच्या जागी पोहोचवणारी परिस्थिती, एवढे पुरते. खालच्या मजल्यावरही व्रण पडतात, पण त्यांची कारणे वेगळी असून ती अजून नीट उलगडलेली नाहीत. २०१५ साली युरोपातील पशुवैद्यांनी हे दोन वेगळे विकार मानावेत अशी शिफारस केली. आपण येथे वरच्या मजल्यापुरतेच बोलत आहोत.

तोबरा आणि गवत

आता तबेल्यातला दिनक्रम पाहा. भरधाव पळण्यासाठी भरपूर ऊर्जा हवी, म्हणून शर्यतीच्या घोड्याला गवत कमी आणि दाण्याची चंदी जास्त देतात. ओट, जव, चोकर. ठरलेल्या वेळी तोंडाला तोबरा लागतो, तो संपतो, आणि पुढच्या चंदीपर्यंत पुष्कळदा तोंडात काही नसते.

येथे एक साधा हिशेब करू. एक किलो वाळके गवत चावून खायला घोड्याला सुमारे ४० मिनिटे लागतात; एक किलो ओट मात्र तो १० मिनिटांत संपवतो. घोड्याला लाळ सुटते ती चावतानाच. नुसत्या चंदीच्या वासाने आपल्यासारखे त्याच्या तोंडाला पाणी सुटत नाही. लाळेत बायकार्बोनेट असते आणि ते आम्लाचे उदासीनीकरण करते. खाण्याचा सोडा लिंबाच्या रसात टाकल्यावर जी क्रिया होते, तीच ही. म्हणजे पाच किलो गवत खाणाऱ्या घोड्याला २०० मिनिटे लाळ मिळते आणि पाच किलो ओट खाणाऱ्याला फक्त ५०. आम्ल मात्र दोघांच्याही जठरात त्याच गतीने पाझरत असते. जमा तितकीच, वजाबाकी मात्र चौथाई!

शिवाय दाण्यात पिष्ट पदार्थ भरपूर असतात. जठराच्या वरच्या भागातील जीवाणू त्यांचे किण्वन करतात व आणखी काही आम्ले तयार होतात. ही आम्ले हायड्रोक्लोरिक आम्लाच्या जोडीने वरच्या अस्तरात शिरून नुकसान वाढवतात. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा अधिक पिष्ट खाणाऱ्या घोड्यांत व्रणांची शक्यता सुमारे दुप्पट होती. ४५० किलोच्या घोड्याला ही मर्यादा ९०० ग्रॅम पिष्टाची. ओटमध्ये सुमारे ४० टक्के पिष्ट धरले तर सव्वादोन किलो ओटमध्येच ती गाठली जाते. शर्यतीच्या घोड्याची चंदी साधारणपणे याहून बरीच जास्त असते. त्याच पाहणीत, दोन वैरणींमध्ये सहा तासांहून अधिक खंड पडणे हेही व्रणांचे एक कारण ठरले.

नुसत्या उपासानेही व्रण पडतात याचा थेट पुरावा १९९६ मध्ये अमेरिकेत मिळाला. घोड्यांना एक दिवस चारा आणि एक दिवस उपास असे आळीपाळीने ठेवले गेले, आणि काही दिवसांतच वरच्या अस्तरावर व्रण दिसू लागले. धावणे नाही, शर्यत नाही, फक्त रिकामे पोट. २००५ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात घोड्यांना प्रवास, नवी जागा, नवा दिनक्रम आणि हलका व्यायाम असे वातावरण दिले, तेव्हा अवघ्या पाच दिवसांत पुष्कळांना व्रण झाले. मुंबई-पुणे प्रवास करणाऱ्या घोड्यांच्या मालकांनी हा पाच दिवसांचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हिंदकळणे की पिळवटणे?

आता घोडा पळवू. वर्गात हा विषय काढला की विद्यार्थी लगेच म्हणतात, “सर, आम्ल हिंदकळून वर उडत असणार.” उत्तर पटण्याजोगे आहे. ३० सेंटिमीटर रुंदीच्या बादलीतले पाणी स्वतःच्या लयीने सेकंदाला साधारण दीड ते पावणेदोन वेळा हेलकावते. आपण चालताना सेकंदाला जवळजवळ दोन पावले टाकतो. दोन्ही लयी जवळजवळ जुळतात, म्हणूनच बादली नेताना पाणी पायांवर सांडते. झोपाळ्याला योग्य वेळी झोके द्यावेत तसे हे आहे. यालाच अनुस्पंदन म्हणतात. डोक्यावरून हंडा आणताना काही ठिकाणी पाण्यावर चार पाने टाकण्याची रीत आहे. ती पाने लाटांची ऊर्जा खातात. गवताची गादी जठरात तेच काम करीत असणार.

परंतु जठर म्हणजे बादली नव्हे. बादलीच्या भिंती कडक असतात, जठर मऊ पिशवी आहे आणि तिच्याभोवती आतड्यांची दाटी आहे. नुसत्या तर्काने निकाल लागत नाही; मोजावे लागते. ते २००२ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठातील दोन संशोधकांनी मोजले. घोड्याच्या जठरात त्यांनी एक फुगवता येणारी पातळ पिशवी आणि सामू मोजणारी शलाका ठेवली आणि घोड्याला फिरत्या पट्ट्यावर चालवले. घोडा सावकाश चालत होता तोवर वरच्या भागातला सामू बरा होता. तो दुडक्या चालीवर आला आणि पोटातला दाब वाढला, पिशवीचे आकारमान झपाट्याने घटले व वरच्या भागातला सामू चारच्या खाली घसरला. चौखूर धावतानाही तीच स्थिती राहिली. पुन्हा सावकाश चालू लागताच सारे पूर्ववत झाले.

म्हणजे मुख्य गोष्ट हिंदकळण्याची नसून पिळवटण्याची आहे. धावताना पोटाचे स्नायू आवळले जातात आणि जठर चहूबाजूंनी दाबले जाते. द्रवाचे आकारमान दाबाने जवळजवळ कमी होत नाही, तेव्हा तो जागा मिळेल तिकडे, म्हणजे वर, सरकतो. घोडा जितका वेळ दुडकतो किंवा धावतो तितका वेळ रेघेच्या वरचा नाजूक भाग आम्लात भिजत राहतो. सकाळचा सराव पहाटे, बहुधा रिकाम्या पोटी. रात्रभर आम्ल साठलेले, गवताची गादी विरलेली. अशा पोटाला रोज अर्धा-पाऊण तास पिळायचे!

हे घरी करून पाहता येईल. पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी अर्धी भरेल इतके पाणी घ्या व त्यात जास्वंदीच्या पाकळ्या चुरडून रंग आणा. पिशवीवर पाण्याच्या पातळीपासून दोन बोटे वर शाईने रेघ मारा. तोंड बांधून पिशवी उभी धरा आणि खालचा भाग दोन्ही तळव्यांनी दाबा. रंगीत पाणी रेघेच्या वर जाईल. नंतर दुसऱ्या पिशवीत तितकेच पाणी घेऊन त्यात मूठ-दोन मुठी बारीक चिरलेला पेंढा टाका आणि दोन्ही पिशव्या सारख्याच हलवा. कोणत्या पिशवीतल्या लाटा लवकर शमतात? जास्वंदीच्या पाण्यात लिंबू पिळले तर ते लालभडक होईल, खाण्याचा सोडा टाकला तर हिरवट होईल. आम्ल आणि लाळ यांचा सामना त्यात डोळ्यांनी दिसेल.

घोड्याच्या जठरात डोकावणे

जिवंत घोड्याच्या जठरातले व्रण पाहण्याची सोय झाली ती प्रकाशशास्त्रामुळे. काचेच्या बारीक तंतूत प्रकाश एका टोकाने सोडला की तो तंतूच्या भिंतीवर वारंवार पूर्ण आंतरिक परावर्तन पावत दुसऱ्या टोकाला पोहोचतो, तंतू वाकवला तरीही. अशा तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवता येते हे १९५४ साली लंडनमध्ये काम करणाऱ्या नरिंदरसिंग कपानी या भारतीय शास्त्रज्ञाने हॉपकिन्स यांच्यासह दाखवले. तीन वर्षांतच अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झ यांनी याच तत्त्वावर माणसाच्या जठराचा एंडोस्कोप बनवला. माणसाला एक मीटरची नळी पुरते. घोड्याला नाकपुडीतून जठरापर्यंत पोहोचायला सुमारे तीन मीटरची नळी लागते. ती उपलब्ध व्हायला आणखी बरीच वर्षे गेली. आज नळीच्या टोकाशी इवलासा कॅमेराच असतो. तपासणीआधी घोड्याला रात्रभर उपाशी ठेवतात. रिकाम्या पोटाचे परिणाम पाहायलाही पोट रिकामे करावे लागते, हा त्यातला विनोद! व्रणांना शून्य ते चार अशी श्रेणी देतात.

बाहेरून मात्र लक्षणे फसवी असतात. घोडा चंदी अर्धवट टाकतो, केसांची चकाकी जाते, वजन भरत नाही, खोगिराचा तंग आवळताना तो कान पाडतो, कधी पोटशूळ होतो. कधी यातले काहीच दिसत नाही. फक्त सईस सांगतो की घोडा “मनापासून पळत नाही.”

हे मनापासून न पळणे किती महाग पडते? शर्यतीत अंतर मोजतात ते ‘लेंग्थ’मध्ये, म्हणजे घोड्याच्या लांबीत. ही लांबी सुमारे २.४ मीटर. डर्बीचे २४०० मीटर म्हणजे बरोबर हजार लांब्या. तेव्हा वेगात हजारात एक इतकी घट झाली की घोडा एका लांबीने मागे पडतो, आणि शेकड्याला एक घट झाली की दहा लांब्यांनी! दुसऱ्या बाजूने पाहा. भरधाव घोड्याची एक झेप साधारण साडेसहा मीटरांची, म्हणजे शर्यतीत सुमारे ३७० झेपा. प्रत्येक झेप फक्त दोन सेंटिमीटरने आखूड पडली तर शेवटी ७ मीटर ४० सेंटिमीटर, जवळजवळ तीन लांब्या, कमी पडतात. बहुतेक शर्यतींचे निकाल याहून कमी फरकाने लागतात. डोळ्यांना न दिसणारे दुखणे निकालाच्या खांबापाशी दिसते ते असे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी याची पारख केली. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. फिरत्या पट्ट्यावर धावणाऱ्या थरोब्रेड घोड्यांपैकी ज्यांच्या व्रणांवर उपचार केले नव्हते ते लवकर दमले, त्यांची जास्तीत जास्त ऑक्सिजन घेण्याची क्षमता कमी भरली आणि त्यांची झेपही आखूड पडली. यात एक संगती दिसते. चौखूर धावताना घोड्याचा श्वास त्याच्या झेपेशी बांधलेला असतो. एका झेपेला एक श्वास. पोट दुखणारा प्राणी अंग आखडतो. झेप आखडली की श्वासाचे ताल आणि खोली दोन्ही बिघडावीत, हे माझ्या मते सरळ आहे.

तरीही येथे घाई करू नये. व्रण असलेले घोडे शर्यती जिंकतात, हीही वस्तुस्थिती आहे. ऐंशी टक्क्यांना व्रण असतील तर पहिल्या तिघांत व्रणवाले असणारच, आणि शेवटच्या तिघांतही! शिवाय एकाच घोड्याची वेळ मैदानाचा ओलावा, जॉकी, पाठीवरचे वजन, हवामान यांनी सहज अर्धा-एक टक्का बदलते. आपण शोधतो तो परिणामही तेवढाच लहान. मीटरपट्टीच्या किमान मापाएवढीच वस्तू मीटरपट्टीने मोजण्यासारखे हे आहे. म्हणून एखादा घोडा हरला की “व्रणामुळे हरला” आणि औषधानंतर जिंकला की “औषधामुळे जिंकला” असे म्हणणे शास्त्रीय नव्हे. औषध दिले त्याच दिवसांत त्याला विश्रांती मिळाली, गवत मिळाले, लक्ष मिळाले. डेव्हिसच्या प्रयोगाचे मोल हेच, की तेथे पट्टा, वेग आणि परिस्थिती सारखी ठेवून तुलना केली गेली.

औषध आहे, आणि ते चांगले आहे. ओमेप्रॅझोल हे जठरातील आम्ल तयार करणारे ‘पंप’ बंद करते. अमेरिकेत घोड्यांसाठी त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. सुमारे चार आठवड्यांत वरच्या मजल्यावरचे व्रण बहुधा भरून येतात. पण औषध थांबवून तोच सराव, तीच चंदी आणि तोच उपास सुरू ठेवला तर ते परत येतात. बरणीतले ताक कमी केले, पण बरणी रिकामीच ठेवून घाटातून नेली, असा तो प्रकार.

गवत द्यावे, विशेषतः सरावाच्या अर्धा तास आधी थोडे, हा उपाय मग सगळेच का करीत नाहीत? यामागे एक खरी अडचण आहे. शर्यतीत घोड्याच्या पाठीवरचे वजन अर्ध्या-अर्ध्या किलोने ठरवले जाते. तेव्हा पोटातले किलोभर गवत प्रशिक्षकाला जड वाटणारच. पण घोडा शर्यतीत धावतो तो महिन्यातून एखाद-दोनदा आणि सरावाला रोज. शर्यतीच्या दिवसाचा नियम वर्षभर लावण्याचे कारण मला तरी दिसत नाही. त्यातही लसूणघास उत्तम. त्यात कॅल्शियम व प्रथिने अधिक असल्याने तो स्वतःच आम्ल शोषतो. अमेरिकेत २००० सालच्या एका प्रयोगात लसूणघास व दाणा खाणाऱ्या घोड्यांच्या जठरात साधे गवत खाणाऱ्यांपेक्षा आम्लता आणि व्रण दोन्ही कमी आढळले, वास्तविक दाणा असूनही! आपल्याकडे गाई-म्हशींसाठी लसूणघास पिकवणारा शेतकरी हे ऐकून हसेल.

जनावराची वैरण ही हिशेबाची गोष्ट आहे, हे आपल्या मुलखाला नवे नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीच्या अधिकाऱ्यांना धाडलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, हा त्यातला आदेश शाळेत सर्वांनी ऐकलेला असतो. पण त्याच पत्रात पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण बेताने, शेवटपर्यंत पुरेल अशी वापरा, नाहीतर ऐन पावसात घोड्यांना उपास पडेल, अशी सक्त ताकीदही आहे. व्रणांची माहिती तेव्हा कोणालाच नव्हती. पण चारा संपलेल्या पागेत काय होते ते ठाऊक होते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सहल महाबळेश्वरला किंवा माथेरानला गेली की विद्यार्थ्यांच्या दोन-तीन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येकीने एक घोडा निवडून दोन तास त्याची नोंद ठेवावी. दर पाच मिनिटांनी लिहायचे: घोडा चालतो आहे, धावतो आहे, उभा आहे की खातो आहे, खात असेल तर गवत की दाणा. एका मिनिटात तो किती वेळा चावतो तेही मोजावे. सकाळी पहिली वैरण केव्हा मिळाली आणि रात्रीची शेवटची केव्हा, हे सईसाला विचारावे. मग दोन वैरणींमधला सर्वांत मोठा खंड किती तासांचा, याचा आलेख काढून तो डेन्मार्कच्या सहा तासांशी ताडून पाहावा. सईसाला विचारल्याशिवाय घोड्याजवळ जाऊ नये, आणि मागच्या बाजूने तर मुळीच जाऊ नये.